सात रात्री एकाच शहरात: फ्लॉरेन्सच्या सांस्कृतिक गटसहलीविषयी

युरोपच्या गटसहलींच्या जाहिरातींत बहुधा दिवस कमी आणि देश जास्त असतात. अशी एक सहल आम्ही उभयतांनी बारा वर्षांपूर्वी केली होती आणि परतल्यावर कोणते चर्च कोणत्या गावात पाहिले, हे छायाचित्रांवरील तारखा पाहून ठरवावे लागले होते. त्यामुळे पुण्यातील एका लहान सहल संस्थेने इटलीतील फ्लॉरेन्स या एकाच शहरात सात रात्री मुक्काम असलेली, केवळ चित्र, शिल्प आणि वास्तुकला यांना वाहिलेली सहल आखली आहे असे कळले, तेव्हा आम्ही पहिल्याच आठवड्यात नावे नोंदवली. कोल्हापूर, सांगली आणि पुण्याचे मिळून आम्ही २२ जण गेल्या ऑक्टोबरात ही सहल करून आलो. एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवताना ज्या चित्रांच्या पुसट छपाया मी मुलांना दाखवल्या, ती चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची ही संधी होती आणि ती बहुतांशी सार्थकी लागली. बहुतांशी म्हणण्याची कारणेही पुढे दिली आहेत, कारण अशी सहल निवडणाऱ्याला कौतुकाइतकाच त्यांचाही उपयोग होईल. संस्थेचे नाव मात्र देत नाही. तक्रारी मी त्यांना थेट पत्राने कळवल्या आहेत आणि त्यांचे उत्तरही आले आहे.

खर्च माणशी सव्वादोन लाखांच्या आत राहिला. त्यात विमान, व्हिसा, रोमहून फ्लॉरेन्सपर्यंतची जलद रेल्वे, न्याहारीसह हॉटेल, सर्व संग्रहालयांची आगाऊ आरक्षित तिकिटे आणि रात्रीचे जेवण एवढे धरलेले होते. दुपारचे जेवण आणि हॉटेलात दर रात्रीमागे द्यावा लागणारा शहराचा कर आपापला होता. हॉटेल सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, साधे आणि स्वच्छ होते. जुन्या शहरात सहलीच्या मोठ्या बसना प्रवेश नसल्यामुळे सारे काही पायीच पाहावे लागते, आणि रस्त्यांवर दगडी फरशा असल्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी याचा आधीच विचार करावा. संस्थेने हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले होते, याबद्दल तिला श्रेय दिले पाहिजे.

या सहलीचे खरे बळ म्हणजे संस्थेने नेमलेल्या स्थानिक गाइड बाई. परवानाधारक, पन्नाशीच्या, सावकाश आणि सोपे इंग्रजी बोलणाऱ्या या बाईंनी पहिल्या सकाळी आम्हाला कॅथीड्रलकडे न नेता बार्जेल्लो या संग्रहालयात नेले, तेव्हा गटात थोडी कुजबुज झाली. तिथे एका भिंतीवर कांस्याचे दोन लहान फलक शेजारी शेजारी लावलेले आहेत. १४०१ साली फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या दरवाजांसाठी स्पर्धा झाली, विषय होता अब्राहामाने पुत्राचे दिलेले बलिदान, आणि त्या स्पर्धेतील गिबर्टी व ब्रुनेलेस्की या दोघांचे नमुने हे असे आजवर टिकले आहेत. बाईंनी कोणता कोणाचा हे न सांगता आम्हाला दहा मिनिटे दिली आणि बक्षीस कोणाला द्याल असे विचारले. एका फलकात देवदूताने येऊन बापाचा हात मनगटाशी घट्ट धरलेला आहे. दुसऱ्यात सुरी अजून हवेत आहे आणि मुलाचे उघडे अंग एखाद्या ग्रीक मूर्तीसारखे घडवलेले आहे. आमच्यातील बारा जणांनी पहिल्याला, म्हणजे ब्रुनेलेस्कीला, कौल दिला. प्रत्यक्षात काम गिबर्टीला मिळाले आणि ब्रुनेलेस्की पुढे वास्तुरचनेकडे वळला. हे ऐकल्यानंतर, आपण त्या स्पर्धेचे परीक्षक असल्यासारखे सगळे जण बाहेर पडलो आणि त्यानंतर त्या शहरात जे काही पाहिले ते मन लावून पाहिले. शिकवण्याच्या क्षेत्रात आयुष्य घालवल्यामुळे मला हे नेमके कळते की पहिला तास असा साधला की पुढचे सारे वर्ष सोपे जाते.

दुसऱ्या दिवशी त्याच ब्रुनेलेस्कीचा घुमट होता. सांता मारिया देल फिओरे या कॅथीड्रलचे काम १२९६ साली सुरू झाले, पण मध्यावरची अष्टकोनी जागा एवढी रुंद, सुमारे ४५ मीटरची, होऊन बसली की तिच्यावर घुमट कसा चढवावा हे कित्येक दशके कोणालाच सुचत नव्हते. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने तो खालून सेंटरिंग न लावता बांधला. वर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि शेवटचा टप्पा घुमटाच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन कवचांच्या मधून, अंग चोरून, तिरके होऊन चढावा लागतो. तिथे विटांची माशाच्या काट्यासारखी रचना हाताच्या अंतरावर दिसते: आडव्या थरांच्या मध्ये ठरावीक अंतराने उभी वीट घातलेली, म्हणजे ओला थर निसटू लागला तर त्या उभ्या विटा त्याला पाचरीसारखे अडवून धरतात. आमच्या गटात सांगलीचे एक निवृत्त बांधकाम अभियंता होते. ते तिथे थांबून भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले आणि मागची रांग खोळंबली तरी कोणी त्यांना हलवले नाही. विजापूरचा गोलघुमट आम्हा दक्षिण महाराष्ट्राच्या लोकांना शाळेच्या सहलीपासून परिचयाचा असतो. तो १६५६ साली पूर्ण झाला, म्हणजे या घुमटानंतर दोनशे वीस वर्षांनी, आणि दोन्ही ठिकाणी खाली उभे राहून वर पाहिल्यावर मानेला जी रग लागते ती सारखीच आहे. ज्यांना चढणे शक्य नव्हते अशा सहा जणांना बाईंच्या सहायकाने त्या वेळात कॅथीड्रलच्या संग्रहालयात नेले. तिथे गिबर्टीचे मूळ सोनेरी दरवाजे, दोनातेल्लोची लाकडात कोरलेली कृश मॅग्डालेन आणि मायकेलअँजेलोने उतारवयात घडवायला घेतलेला आणि स्वतःच हातोड्याने फोडलेला पिएता, म्हणजे मृत येशूला सावरणाऱ्यांचे शिल्प, असे सगळे आहे. घुमट चुकला म्हणून त्या सहा जणांपैकी कोणालाच हळहळ वाटली नाही, आणि ही सोय संस्थेने न मागता केली होती.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याविषयी थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला ५.१७ मीटर उंचीचा हा पुतळा १८७३ सालापर्यंत उघड्या चौकात होता. आज चौकात दिसते ती प्रतिकृती आहे. गर्दी त्याच्याभोवती असते, मात्र त्याच्याकडे नेणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना उभे असलेले मायकेलअँजेलोचे 'कैदी' नावाचे अपुरे पुतळे मला अधिक खोलवर भिडले. दगडातून अर्धेच बाहेर आलेले ते देह पाहताना छिन्नीच्या समांतर रेघा अगदी पेन्सिलीच्या छायांकनासारख्या दिसतात. आपण कागदावर जे करतो तेच हा माणूस संगमरवरावर करत होता, हे मी इतकी वर्षे वर्गात सांगत आले होते आणि त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिले.

सर्वांत चांगली सकाळ सान मार्को मठाची होती. इथे येणारे मोठे गट थोडे असतात आणि मठ दुपारी दोनच्या आत बंद होतो, त्यामुळे तो बहुतेक सहलींतून वगळला जातो. आमच्या कार्यक्रमात तो होता आणि त्याला पूर्ण अडीच तास दिलेले होते. पंधराव्या शतकात शहरातील धनाढ्य मेदिची घराण्याच्या कोसिमोच्या पैशाने या मठाची पुनर्बांधणी झाली आणि फ्रा अँजेलिको या चित्रकार भिक्षूने भिक्षूंच्या खोल्यांत भित्तिचित्रे काढली. जिना चढून वर गेल्यावर समोरच, पायऱ्यांच्या शेवटी, देवदूत मेरीला निरोप सांगतो आहे असे चित्र येते. बाईंनी जिन्याच्या तळाशीच आम्हाला त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी दिलेली कानातली यंत्रे काढायला लावली आणि वर तासभर कोणाशीही न बोलता एकेकट्याने फिरा असे सांगितले. प्रत्येक खोलीत एक लहान खिडकी आणि तिच्या शेजारी भिंतीवर एक चित्र, एवढेच आहे. ही चित्रे बाजारासाठी किंवा सरदारांसाठी नव्हती; त्या खोलीत राहणाऱ्या एकाच भिक्षूला रोज पहाटे पाहता यावीत यासाठी ती काढलेली होती, म्हणून त्यांत सोने नाही, गर्दी नाही, मागे डोंगर-इमारती नाहीत. एका खोलीत ख्रिस्ताची हेटाळणी करणारे लोक दाखवायचे होते, तर चित्रकाराने नुसते हात आणि एक थुंकणारे तोंड हवेत अधांतरी रंगवले आहे. या एका खोलीत मी वीस मिनिटे होते. गटसहलीत एका चित्रासमोर वीस मिनिटे उभे राहता येते, हे मला पूर्वी कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

याच्या नेमके उलट उफ्फिझी या मोठ्या चित्रसंग्रहालयात झाले आणि ती माझी पहिली तक्रार आहे. आमची आरक्षित वेळ सकाळी साडेअकराची होती. त्याआधी 'वाटेतच आहे' म्हणून टूर मॅनेजर आम्हाला चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात घेऊन गेले. कार्यक्रमपत्रिकेत या दुकानाचा उल्लेख नव्हता. अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक सव्वा तास चालले, दार लोटून घेतलेले होते, आणि प्रत्येकाच्या हातात पाकिटे व पट्टे देऊन किमती सांगणे सुरू होते. उफ्फिझीच्या दारात पोचलो तेव्हा आमची वेळ टळली होती. बाईंनी विनवण्या करून आत घेतले, पण तीन तासांचे दर्शन पावणेदोन तासांवर आले. अशा वेळी बाईंनी जे केले त्याला माझा नमस्कार आहे. त्यांनी सरळ सांगितले की आता सगळे पाहण्याचा प्रयत्न करू नका, आणि आम्हाला एकाच दालनात नेऊन चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांच्या सिंहासनावर बसलेल्या तीन मेरींसमोर उभे केले. तिन्ही चित्रे तेराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्याच्या आरंभापर्यंतची, विषय तोच, सोनेरी पार्श्वभूमी तीच. मात्र जोत्तोच्या मेरीला वस्त्राच्या आत गुडघे आहेत, तिच्या बसण्याला वजन आहे. त्यानंतर बोत्तिचेल्लीची दोन मोठी चित्रे, लिओनार्दोने तरुणपणी काढलेले एक, आणि बस. हे सारे वैभव शहरात शिल्लक कसे राहिले, तेही त्यांनी तिथेच सांगितले: मेदिची घराण्याची शेवटची वारस अ‍ॅना मारिया लुईझा हिने १७३७ साली नव्या राज्यकर्त्यांशी करार करून घराण्याचा संपूर्ण कलासंग्रह या अटीवर दिला की त्यातील काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये. मला काराव्हाज्जोने ढालीवर रंगवलेली, केसांच्या जागी साप असलेली मेडुसा पाहायची होती. ती राहून गेली. एका दुकानाच्या दलालीसाठी बावीस माणसांचा सव्वा तास घेतला गेला, हे मला आजही पटत नाही.

सांता क्रोचे या चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाधी आहेत, पण आमचा गट रेंगाळला तो वेगळ्याच गोष्टीपाशी. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला पूर आला, शहराच्या काही भागांत पाणी सहा मीटरच्याही वर चढले आणि त्याच्या खुणा आजही भिंतींवर दगडी पाट्यांनी दाखवलेल्या आहेत. चिमाबुएच्या लाकडी क्रूसावरील रंगाचा मोठा भाग त्या पुरात वाहून गेला. दुरुस्तीनंतरही गेलेला रंग खोटा भरून न काढता ती हानी दिसेल अशी ठेवली आहे. देशोदेशींच्या तरुणांनी तेव्हा येऊन चिखलातून पुस्तके आणि चित्रे उचलली. आमच्यातील सांगलीच्या दोन कुटुंबांच्या घरांत २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शिरले होते. त्यांतील एका वहिनींनी पाटीकडे पाहून आपल्या घरातील पाण्याची रेघ हाताने भिंतीवर दाखवली, आणि गाइड बाईंनी प्रथमच आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली: पाणी किती दिवस राहिले, कागदपत्रांचे काय केले, मूर्ती कशा वाळवल्या. ती पंधरा मिनिटे कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत बसणारी नव्हती.

जेवणाविषयी माझे मत गटातील अनेकांहून वेगळे असू शकेल. सातपैकी पाच रात्री आम्हाला एकाच भारतीय उपाहारगृहात नेले, जिथे पनीर, डाळ आणि नान हेच फिरून फिरून येत होते. फ्लॉरेन्सच्या घरगुती जेवणात शाकाहारी माणसाला पोटभर मिळते. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट हिरवा कोबी एकत्र शिजवलेली रिबोल्लिता, किंवा पाव टोमॅटोत कुस्करून केलेले पाप्पा अल पोमोदोरो, हे पदार्थ ज्यांनी घरी शिळ्या भाकरीचा कुस्करा खाल्ला आहे त्यांना परके वाटणार नाहीत. तिथला पाव अळणी असतो, त्यात मीठ घालतच नाहीत; पहिल्या दिवशी सर्वांनी नाके मुरडली, पण ऑलिव्ह तेल आणि मीठ लावून तोच पाव आम्ही शेवटी मागून घेत होतो. काटेकोर शाकाहारी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे की पार्मेझान चीज करताना वासराच्या पोटातील विरजण वापरतात आणि ते न सांगता वरून किसून घालण्याची पद्धत आहे. संस्थेने पाचाऐवजी दोनच रात्री भारतीय जेवण ठेवले तर खर्चही वाढणार नाही.

आता दुसरी तक्रार, जी आम्हा कोल्हापूरकरांना अधिक लागली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघे विशीचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते. खास परवानगी घेऊन, शहराच्या पश्चिमेला काशिने उद्यानाच्या टोकाशी, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, आणि १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. आम्ही नावे नोंदवली त्यामागे या स्मारकाचा मोठा वाटा होता. पत्रिकेत शेवटच्या दिवसाच्या दुपारी ते छापलेले होते. आदल्या रात्री जेवताना टूर मॅनेजरांनी जाहीर केले की त्याऐवजी शहराबाहेरील सवलतीच्या दुकानांच्या संकुलात जायचे आहे. मी विचारले तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काकू, तिथे एका छत्रीशिवाय काहीच नाही हो." माझ्या शेजारचे, शुक्रवार पेठेत राहणारे काका शांतपणे म्हणाले, "बाळ, आम्ही त्या छत्रीसाठीच आलोय." त्याने फोनाफोनी केली, पण बस संकुलासाठीच ठरलेली होती. अखेर आम्ही चौदा जण स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करून गेलो. गाइड बाईंचे काम सकाळीच संपले होते, तरी त्या आमच्याबरोबर आल्या आणि त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

उद्यान सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री त्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून चालत जाण्याचा विचार करू नये. नक्षीदार खांबांच्या छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. आपण रोज जाता-येता पाहतो त्या राजवाड्याच्या कमानींची आणि या छत्रीची जातकुळी एक आहे, हे तिथे उभे राहिल्यावर लगेच जाणवते. पलीकडे नदीवर तारांनी तोललेला मोठा पूल आहे. त्याला तिथले लोक 'त्या भारतीयाचा पूल' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. एका काकूंनी येताना फुलांच्या दुकानातून पिवळ्या शेवंतीची जुडी घेतली होती. गाइड बाई ती पाहून चमकल्या आणि विचारू लागल्या की तुम्हाला कोणी सांगितले होते का, कारण त्यांच्याकडे शेवंती फक्त गेलेल्या माणसांसाठीच नेतात. कोणी सांगितले नव्हते. आमच्याकडे ती देवाला वाहतात. काकूंनी जुडी कठड्याच्या आत ठेवली, शुक्रवार पेठेचे काका संगमाकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले, आणि आम्ही दोन नद्यांचे पाणी एकत्र येताना पाहत बराच वेळ तिथे होतो. सातव्या दिवशी संग्रहालयांत काय पाहिले ते आठवायला मला वही उघडावी लागते. ही दुपार मात्र तशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

संस्थेने माझ्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर दिले. टॅक्सीचे पैसे चौदाही जणांना परत मिळाले आहेत आणि एप्रिलच्या सहलीत छत्रीची भेट तिसऱ्या दिवशी सकाळी, गाइडसह ठेवली असल्याचे त्यांनी लिहिले आहे. एकाच शहरात सात रात्री, सान मार्कोला अडीच तास आणि या गाइड बाई, एवढे कायम असेल तर ही सहल मी चित्र-शिल्पाची ओढ असलेल्या कोणालाही सुचवीन आणि माझ्या धाकट्या बहिणीला तसे सांगितलेही आहे. पत्रात चामड्याच्या दुकानाविषयी मात्र एक शब्दही नाही. नाव नोंदवण्यापूर्वी ते थांबे वगळले आहेत का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.